चार हुल्सकोट

१

सकाळी सात वाजता आल्विन टेरबेक सायकलवर टांग टाकायचा. मागे थापी, ओळंबा, छिन्नी-हातोडा बांधलेला, पुढच्या पिशवीत काळ्या पावाचे दोन जाड तुकडे. दलदलीच्या कडेकडेने आठ किलोमीटर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना बर्चची पांढरी खोडं, आणि रस्ता संपतो तिथे हुल्सकोटांचं घर. चाळीस वर्षं गवंडीकाम करून तो घरी बसला होता. बायको थेक्ला जाऊन सहा वर्षं झाली होती. आता हाताशी काम होतं ते आपल्याच माणसाचं. लिओबा, त्याची एकुलती लेक, हुल्सकोटांकडे दिली होती. तिला एप्रिलच्या शेवटी मूल व्हायचं होतं आणि बाळासाठी एक खोली करायची होती.

खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली अंधारी जागा. तिच्या भिंतीत जुन्या पद्धतीचा बिछाना होता. तीन बाजूंनी फळ्या, समोर कपाटासारखी दोन दारं. थंडीच्या दिवसांत माणूस आत शिरून दारं ओढून घ्यायचा. घरातला म्हातारा क्लेमेन्सकाका फेब्रुवारीत तिथेच गेला.

"बाबा, आधी ते खोकं काढा," लिओबा म्हणाली. "दारं लावली की शवपेटी वाटते. तिथे मला खिडकी हवी."

"खिडकी मिळेल. दोन आठवड्यांचं काम आहे."

"तुमचे दोन आठवडे मला माहीत आहेत. आईचं न्हाणीघर दोनच आठवड्यांत करणार होतात. मी शाळेत गेले तेव्हा सुरू केलंत, शाळा सोडली तेव्हा फरशी बसली."

तिची सासू वाल्बुर्गा बोलायला कमी होती. पहिल्या दिवशी तिने आल्विनचा कोट घेतला आणि बोळातल्या खुंटीला लावला. चार खुंट्या होत्या. तिच्या, मुलाच्या आणि सुनेच्या कोटांपुढची ही चौथी.

"ही क्लेमेन्सची ना, विहीणबाई?"

"खुंटी रिकामी ठेवायची नसते," ती म्हणाली आणि कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकून आत गेली.

बुधवारी पाववाल्याची गाडी अंगणात आली. श्ट्यूवे पाववाला खिडकीतून मान काढून म्हणाला, "काय हुल्सकोट, विहीणबाई जेवू घालतात का नुसत्याच राबवतात?"

आल्विनने हात वर केला. "घालतात, घालतात."

त्या मुलखात माणसाला घराच्या नावानेच हाक मारतात. बायकोच्या शेतावर राहायला गेलेला पुरुष आपलं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून आत शिरायचा. चर्चच्या वहीत त्याची मुलं घराच्या नावाने लागायची. कायदा कधीच बदलला, तोंडची सवय राहिली. ज्याच्या अंगणात उभा दिसलात, त्याचे तुम्ही. आणि हाक मारणाऱ्याला दुरुस्त करणं म्हणजे त्या घराचा पाणउतारा. ते कोणी करत नसे. आल्विननेही आयुष्यात कधी केलं नव्हतं.

२

पहिल्या दिवशी उजवं दार निघालं. बिजागऱ्या ओक लाकडात खोल रुतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याने आतली गादी काढून अंगणात टाकली आणि मागची फळी ठोकून पाहिली. बारा वाजले होते. दूरच्या गावातून चर्चची घंटा ऐकू आली. त्याच वेळी फळीमागे खुर्च्या सरकल्या.

सरकल्या म्हणजे जेवायला बसताना सरकतात तशा. एक, दोन, मग पुष्कळ. शेवटची जरा अडखळत, एखाद्या म्हाताऱ्याने ओढल्यासारखी.

आल्विन उठला, घराला वळसा घालून मागे गेला. त्या भिंतीपलीकडे पूर्वी गाईंचा गोठा होता. आता रिकामा. चुना मारलेली भिंत, खाली जुना भुसा, वर कोळिष्टकं. स्वयंपाकघरातला आवाज कौलांखालून फिरून येत असणार, तो मनाशी म्हणाला. लांब छपराच्या घरात आवाज कुठूनही कुठे जातो. त्याने अशी शंभर घरं बांधली, पाडली होती.

तो जेवायला गेला तेव्हा वाल्बुर्गा आणि लिओबा अजून उभ्याच होत्या. लिओबा सूप वाढत होती. खुर्च्या टेबलाखाली ढकललेल्या होत्या.

"बाबा, तोंड का असं? चुना गिळलात?"

"भूक लागली," तो म्हणाला.

पुढचे तीन दिवस तो बाराच्या सुमाराला हातोडा खाली ठेवायचा आणि फळीला कान लावायचा. खुर्च्या रोज सरकायच्या. त्यानंतर जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखी एक सलग गुणगुण यायची आणि तीही थांबायची. चमच्यांचा आवाज मात्र कधी आला नाही. तो वाट बघायचा, की आता तरी चमचा वाजेल. बसलेली माणसं नुसती बसून असायची.

डावं दार काढायचं राहून गेलं. गिलावा वाळला पाहिजे, बिजागरी गंजली आहे, अशी कारणं तो स्वतःलाच देत राहिला.

३

बारशाला त्याला आडनावाचा कागद भेट द्यायचा होता. नाव कुठून आलं, किती जुनं, कुठेकुठे पसरलं, हे सुंदर अक्षरात लिहून चौकटीत घालायचं, अशी तिकडे पद्धत. निवृत्त शाळामास्तर नॉटबाउम हे काम हौसेने करायचे. ते गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर बसत, पुढ्यात देशभरच्या टेलिफोनच्या वह्या आणि चर्चच्या नोंदींच्या नकला.

"बसा, हुल्सकोट," मास्तर म्हणाले.

आल्विन बसला.

"तुमचं काम झालं, आणि झालंही नाही. हुल्स म्हणजे आपलं ते काटेरी झुडूप, हिवाळ्यात लाल फळं येतात ते. कोट म्हणजे लहानसं शेतघर. नाव माणसाचं नाही, जागेचं. तिथे राहील त्याला लागायचं. इथवर ठीक. पण पसरण बघा."

त्यांनी नकाशा उलगडला. प्रत्येक आडनावाला मास्तर टाचण्या टोचत. टेरबेकांच्या टाचण्या सीमेपर्यंत गेल्या होत्या, काही कोळशाच्या शहरांत, एक पार हाम्बुर्गला. हुल्सकोटांच्या नकाशावर एकच टाचणी होती.

"दुर्मिळ आडनावं मी खूप बघितली. पण कोणी तरी भांडून निघून जातो. कोणी खाणीत जातो, कोणी अमेरिकेला. पाचशे वर्षांत कोणी तरी जातोच की. यांचं कोणी गेलेलं नाही. मुली लग्न होऊन गेल्या, तेवढ्याच. आणि हे बघा. जुन्या पाद्र्यांनी घरोघरच्या माणसांच्या याद्या केल्यात. हुल्सकोट, चार. शंभर वर्षांनी, चार. युद्धाआधी, चार. युद्धानंतर, चार. जगात या नावाची चार माणसं असतात."

"लहान कुटुंब असेल."

"तेच म्हणतो मी. म्हाताऱ्या माणसाला पेन्सिल दिली की त्याला सगळीकडे रेघा दिसतात." मास्तर हसले, पण कागद पुढे सरकवताना त्यांनी नजर वर केली नाही. "ही बाळं. जन्माच्या दिवशीच गेलेली. सुइणीने घाईघाईने बाप्तिस्मा दिलेला. नऊ आहेत. प्रत्येकाच्या वेळी घरात चार माणसं होती. जी जगली, ती कोणाला तरी मूठमाती दिल्यावर जन्मली."

आल्विनने नावांपुढचे नऊ क्रूस मोजले. एक बाळ घरापासून दूर, शहरातल्या इस्पितळात जन्मलेलं होतं. तेही त्याच दिवशी गेलं होतं.

"तुमच्या नातवाचं नशीब चांगलं," मास्तर म्हणाले. "क्लेमेन्स गेला. आता तीनच आहेत. जागा आहे."

आल्विन जिना उतरून खाली आला आणि कठड्याला धरून उभा राहिला. आपण बसलो, हे त्याला तिथे आठवलं. मास्तर हुल्सकोट म्हणाले आणि आपण बसलो.

४

शनिवारी पाववाला आला तेव्हा आल्विन त्याच्या खिडकीपाशी गेला. "श्ट्यूवे, माझं आडनाव टेरबेक आहे."

"असू दे की," श्ट्यूवे म्हणाला. "माझ्या बायकोचं म्हणणं आहे की माझं नाव गाढव आहे. पाव एक का दोन, हुल्सकोट?"

तो काम अर्धवट टाकून आपल्या घरी गेला आणि चार दिवस बाहेर पडला नाही. आपण तिथे नसलो की झालं, असा त्याचा हिशेब. पाचव्या दिवशी टपालात पेन्शनीचं पत्र आलं. पाकिटावर आल्विन हुल्सकोट. लिओबाने कुठला तरी फॉर्म चुकीचा भरला असेल. तो नगरपालिकेत गेला.

खिडकीमागची बाई तरुण होती, गालावर पावडर. तिने कार्डांचा लाकडी खण बाहेर ओढला आणि बोटांनी कार्डं मागे टाकत गेली.

"टेरबुर्ग. टेरहार्ट. टेरबेक कोणी नाही."

"असं कसं होईल, बाई? माझा जन्म इथला."

"जन्मतारीख सांगा." तिने दुसरा खण ओढला. "हे बघा की. आल्विन, तारीख तीच. हुल्सकोट. राहणार हुल्सकोट शेत."

"हे कार्ड कधी केलं तुम्ही?"

"मी नाही केलं. जुनं आहे, कडा बघा कशा झिजल्यात." ती त्याच्याकडे बघून मऊ आवाजात म्हणाली, "आजोबा, कोणी आहे का तुमच्याबरोबर? घरी सोडायला सांगू?"

"माझ्या लेकीचं माहेरचं नाव काय लागलंय तेवढं बघा."

तिने बघितलं. "रेघ आहे. त्या जागी काही लिहिलेलं नाही."

तिथून तो थेक्लाच्या कबरीकडे गेला. दगड त्याने स्वतः घडवला होता, अक्षरं स्वतःच्या छिन्नीने कोरली होती. थेक्ला, आणि तिच्याखाली टेरबेक. वरचं नाव तसंच होतं. खाली दगड सपाट होता. त्याने गुडघे टेकून बोटं फिरवली. खोडलेलं असतं तर हाताला खळगा लागला असता, दगड घासलेला कळला असता. चाळीस वर्षांच्या हातांना तेवढं कळतं. तिथे कधी काही कोरलेलंच नव्हतं.

तो बराच वेळ गुडघ्यांवर राहिला. "थेक्ला," तो म्हणाला, "मी बाळाच्या जागेवर बसलोय गं."

५

"माझ्याकडे चल," तो लिओबाला म्हणाला. "बाळंत होईपर्यंत. पुढेही तिथेच राहा. माहेरचं नाव लाव पुन्हा."

लिओबा बटाटे सोलत होती. सुरी थांबली. "बाबा, आन्सगार दिवसभर दूधडेअरीत राबून घरी येतो आणि माझे पाय चेपतो. त्याला काय सांगू? वडिलांना खोलीचं काम पुरं होईना म्हणून घटस्फोट घेते?"

"थट्टा नाही करत मी."

"मग काय करताय? तुम्ही नीट जेवत नाही. कोट अंगावर लोंबायला लागला." तिने ओला हात त्याच्या गालाला लावला. "आई गेली तेव्हाही तुम्ही असेच झाला होतात. सगळं ठीक होणार आहे. इस्पितळात जागा घेतली आहे. डॉक्टर आहेत, सगळं आहे."

पोटात बाळाने लाथ मारली तशी तिने त्याचा हात ओढून तिथे ठेवला. लाथ जोरकस होती. आल्विनने हात काढून घेतला आणि खोलीत गेला.

वाल्बुर्गा तिथे उभी होती, एकदारी बिछान्यासमोर. बाराला दहा मिनिटं होती.

"तुम्हालाही ऐकू येतं, विहीणबाई?"

"या घरात आले तेव्हापासून." ती उरलेल्या दाराला हात लावून म्हणाली, "आन्सगारच्या आधी मला मुलगी झाली होती. सत्तेचाळीस साली. सासू गेली होती, घरात तिघंच होतो. जागा होती. आणि पूर्वेकडून निर्वासित आले. एक शिंपी आमच्याकडे ठेवला. भला माणूस. लोक त्याला हुल्सकोट म्हणायला लागले, तो ओ द्यायला लागला. मुलगी दुपारी झाली आणि दिवेलागणीला गेली."

"क्लेमेन्स?"

"क्लेमेन्स. त्याचं खरं आडनाव काय होतं, त्याला शेवटी शेवटी आठवेना. माझ्याकडे बघून रडायचा. तीस वर्षं त्याला मी वाढलं, व्याही. मुलीच्या जागेवर बसवून."

"मग माझा कोट तिथे का लावलात?"

"खुंटी रिकामी असली की खोलीतून हाक येते. रात्रंदिवस. मला वाटलं, नुसता कोट आहे. कोटाने भागेल."

आल्विनला राग यायला हवा होता. पण तिचे हात त्याच्या थेक्लाच्या हातांसारखेच लाल, फुटलेले होते.

"बाहेर कसं पडायचं?"

"मी पडून पाहिलं," वाल्बुर्गा म्हणाली. "मागच्या आठवड्यात, तुम्ही नव्हतात तेव्हा. तीन दिवस दुपारी तिथे निजले, एकच दार ओढून. दुसरं तुम्ही काढलेलं. म्हणून भिंतीमागचे मला उठवून परत पाठवतात." तिने बिछान्याकडे बोट दाखवलं नाही, नुसती मान वळवली. भिंतीमागे पहिली खुर्ची सरकली.

६

सव्वीस एप्रिलला सकाळी नऊ वाजता लिओबाला कळा सुरू झाल्या. आन्सगारने गाडी अंगणात आणली आणि घाईत आरसा गोठ्याच्या खांबाला घासला.

"जावईबापू, हळू," आल्विन म्हणाला. "बाळ काही गाडीत होत नाही."

"बाबा, मी परत येईन तेव्हा खिडकी पाहिजे," लिओबा खिडकीची काच खाली करून म्हणाली. कळ आली तशी तिने त्याची बोटं घट्ट धरली. कळ गेली, पण तिने बोटं सोडली नाहीत. शेवटी त्यानेच सोडवून घेतली.

गाडी बर्चच्या झाडांत दिसेनाशी झाल्यावर तो आत गेला. काढलेलं उजवं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याने बिजागऱ्यांना तेल लावलं, दार उचलून बसवलं, ओळंबा धरला. स्क्रू एकेक करून आवळले. वाल्बुर्गाने न सांगता धुतलेली चादर आणून आत अंथरली.

"व्याही," ती म्हणाली, "मी मास्तरांना विचारून बघते. पाद्र्याला विचारते. थांबा."

"बाळ थांबणार आहे का?"

त्याने बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. हे सगळं खोटं असेल, त्याच्या मनात आलं. एक म्हातारा भरदिवसा कपाटात शिरून बसला, एवढंच असेल, आणि संध्याकाळी सगळे हसतील. हसू देत. तसं झालं तर त्याच्याइतकं मोठ्याने कोणी हसणार नव्हतं. तो आत आडवा झाला आणि दोन्ही दारं ओढून घेतली. दारं नीट बसली. आपलं काम चांगलं झालं, हे त्याला आवाजावरून कळलं.

आतून कडी नव्हती. काम करताना हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, ते त्याला आता सांगता येईना. लाकडाला जुन्या मेणाचा आणि लोकरीचा वास होता. त्याने पाय ताणले. खालच्या फळीला पाय टेकायला हवे होते. टेकले नाहीत. त्याने माप घेतलं होतं, एक मीटर सत्तर. तो आणखी सरकला. अजून जागा होती. मग मागच्या फळीकडे हात नेला, तिथेही हाताला काही लागलं नाही, फक्त थंड हवा.

दूर घंटा झाली. खुर्च्या सरकल्या. यावेळी त्या भिंतीपलीकडे नव्हत्या. त्याच्या उशाशी होत्या, आणि एक खुर्ची कोणीतरी त्याच्या बाजूला ओढून ठेवली.

तो हलला नाही. किती वेळ गेला कळलं नाही. प्रार्थना संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. मग फार लांबून, विहिरीच्या तळातून ऐकल्यासारखी, स्वयंपाकघरातल्या टेलिफोनची घंटी आली. वाल्बुर्गाची पावलं. तिचा आवाज. "हो. हो. बोल ना रे." मग तार जमिनीवरून घासत येण्याचा आवाज आला, ती पुरेल तिथपर्यंत, आणि दाराच्या फळीला बाहेरून काहीतरी टेकलं.

फळीतून रडणं आलं. बारीक, रागावलेलं, दम घेऊन पुन्हा सुरू होणारं. जिवंत रडणं.

"मुलगी आहे," वाल्बुर्गा दाराशी तोंड लावून म्हणाली. "साडेतीन किलो. व्याही, ऐकताय ना? व्याही, तुमचं नाव... अहो, तुमचं नाव काय होतं?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. सांगायला काहीच उरलं नव्हतं, आणि त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही. ऐकलं एवढं तिला कळावं म्हणून त्याने बोटाने फळीवर एकदा टकटक केली. बाहेर ती रडायला लागली. दार तिने ओढलं की नाही कोण जाणे, ते हललं नाही.

अंधारात त्याने हात खाली सोडला, खुर्चीच्या पायापाशी. तिथे खाली, जमिनीलगत, कसलीशी चुळबुळ होती. त्याच्या अंगठ्याभोवती एक मूठ मिटली. फार लहान, फार थंड. मग दुसऱ्या बोटाभोवती आणखी एक.

त्याने हात तसाच ठेवला.